वाऱ्याकडे शेपूट: हेलिकॉप्टरबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात हेलिकॉप्टर हवेत एका जागी कसं थांबतं यावर लिहिलं होतं, आणि शेवटी सहज एक ओळ टाकली होती की जमिनीजवळ, कमी वेगात असताना पायलटला सगळ्यात जास्त छळतो तो वारा. त्या एका ओळीवर एवढे मेल आणि मेसेज आले की हा अख्खा कॉलम त्यालाच द्यायचं ठरवलं. मी पायलट नाही, हे नव्या वाचकांसाठी परत सांगतो. माझी एकतीस वर्षं हेलिकॉप्टरच्या देखभालीत गेली, म्हणजे मशीन उघडा, जोडा, आणि हेलिपॅडवर उभं राहून ते सुखरूप येतंय का हे बघत बसा. त्यामुळे माझी उत्तरं जमिनीवरून बघणाऱ्या माणसाची आहेत.

प्रश्न (निलंगा, जि. लातूर): सर, 25 मे 2017 ला आमच्या निलंग्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उडाल्या उडाल्या कोसळलं. चहाच्या टपरीवर अजून वाद होतो, एक गट म्हणतो वाऱ्याने पाडलं, दुसरा म्हणतो तारांनी पाडलं. खरं काय?

दोन्ही गटांकडे अर्धी अर्धी गोष्ट आहे. डीजीसीएने, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, तेव्हा जे सांगितलं ते असं, की सिकोर्स्की एस-76 हेलिकॉप्टर चार प्रवासी आणि दोन क्रू घेऊन उडालं, उडाल्यावर वारा सारखा दिशा बदलतोय असं पायलटच्या लक्षात आलं, त्याने परत उतरायचं ठरवलं आणि उतरताना हेलिकॉप्टर तारेत अडकलं. सहाही जण वाचले, ही फार मोठी गोष्ट, कारण ते फोटो बघितले तर विश्वास बसत नाही.

आता वारा बदलला तर एवढं काय होतं ते समजून घ्या. एका जागी तरंगत राहायला हेलिकॉप्टरला भरपूर ताकद लागते. पुढे वेग मिळाला, साधारण 16 ते 24 नॉट म्हणजे ताशी 30 ते 45 किलोमीटर, की पंख्याला ताजी हवा मिळायला लागते आणि त्याच ताकदीत जास्त उचल मिळते, आत बसलेल्याला तेव्हा एक बारीक थरथर जाणवते आणि मग हेलिकॉप्टर एकदम हलकं झाल्यासारखं चढतं. समोरून वारा असेल तर यातला बराचसा वेग उभ्या उभ्याच फुकट मिळतो. समजा समोरून 15 नॉटचा वारा होता म्हणून हेलिकॉप्टर छान उचललं गेलं आणि शंभर फुटांवर तोच वारा फिरून मागून 15 नॉटचा झाला, तर पंख्याच्या हिशोबाने एका क्षणात 30 नॉट गेले. खाली येण्याशिवाय मार्ग नाही आणि खाली तर गाव आहे, खांब आहेत, तारा आहेत, आणि विजेची तार वरून जवळजवळ दिसतच नाही, पायलट खांब शोधतो आणि तार कुठून कुठे गेली असेल याचा अंदाज बांधतो. मे महिन्यात मराठवाड्यात रान तापलेलं असतं, वावटळ उठून पाचोळा गोल गोल वर जाताना तुम्ही शंभरदा बघितलाय, आणि तापलेली हवा विरळ असते म्हणजे इंजिन आणि पंखा दोघांनाही कमी मिळतं. त्यामुळे तुमच्या टपरीवर सांगा की वाऱ्याने खाली आणलं आणि तारांनी पकडलं.

प्रश्न (फिनिक्स, अमेरिका): काका, मी मूळची साताऱ्याची. डिसेंबरमध्ये आई-बाबा येणार आहेत आणि त्यांना ग्रँड कॅन्यनची हेलिकॉप्टर राईड द्यायची फार इच्छा आहे. पण 2018 च्या अपघाताबद्दल वाचल्यापासून बुकिंग करताना हात थांबतोय. तो अपघात वाऱ्यानेच झाला ना?

हो, आणि या विषयातलं ते सगळ्यात स्पष्ट उदाहरण आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

10 फेब्रुवारी 2018, संध्याकाळची वेळ. ईसी130 जातीचं हेलिकॉप्टर नेवाडातल्या बोल्डर सिटीहून सहा ब्रिटिश पर्यटक घेऊन निघालेलं, कॅन्यनच्या आत क्वार्टरमास्टर नावाच्या भागात उतरायचं होतं. उतरायला वेग कमी केला, आणि तिथे हेलिकॉप्टर डावीकडे वळायला लागलं ते थांबेचना, बघणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर गिरक्या घेत खाली आदळलं आणि पेटलं. पाच पर्यटक गेले, पायलट आणि एक प्रवासी गंभीर भाजून वाचले. अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकेच्या एनटीएसबीने कारण दिलं ते असं की मागून येणारा झोतांचा वारा, आजूबाजूला खाली ओढणारे प्रवाह आणि खळबळलेली हवा, अशा जागी उतरताना शेपटीच्या पंख्याचा परिणाम गेला आणि पायलटचा ताबा सुटला.

शेपटीच्या पंख्याचा परिणाम जाणे, याला इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे एलटीई म्हणतात. घरी ड्रिल मशीन वापरलं असेल तर तुम्हाला हे लगेच कळेल. भिंतीत ड्रिल चालू असताना बिट मध्येच अडकलं की मशीन उलट फिरतं आणि मनगट पिरगाळतं. हेलिकॉप्टरचा मोठा पंखा एका बाजूला फिरतो, म्हणून खालच्या शरीराला सतत दुसऱ्या बाजूला फिरायचं असतं. त्याला धरून ठेवणारं मनगट म्हणजे शेपटीवरचा छोटा पंखा. पायलट दोन पायांनी पेडल दाबून त्या पंख्याचा जोर कमीजास्त करतो. मशीन जोरात पुढे जात असेल तेव्हा शेपटीवरच्या उभ्या पात्यावर हवा लागते आणि नाक आपोआप सरळ राहतं, छोट्या पंख्याला आराम असतो. पण वेग 30 नॉटच्या खाली आला की जवळजवळ सगळा भार त्या छोट्या पंख्यावर, आणि नेमका तेव्हाच वारा त्याच्या कामात हात घालतो.

अमेरिकेत विमान वाहतुकीचे नियम ठरवणाऱ्या एफएएने 1995 मध्ये यावर एक पत्रक काढलं, त्यात वाऱ्याच्या वाईट दिशा अंशांमध्ये दिल्यात. मी आमच्या पोरांना घड्याळाने शिकवायचो. हेलिकॉप्टरचं नाक 12 वर धरा. अमेरिकन पद्धतीचं मशीन घ्या, ज्याचा मोठा पंखा वरून बघितला तर घड्याळाच्या उलट फिरतो. वारा साधारण साडेनऊ ते साडेदहाच्या मधून आला तर मोठ्या पंख्याच्या कडेला सुटलेले भोवरे नेमके शेपटीच्या पंख्यात जातात. सात ते अकराच्या मधून आला तर शेपटीचा पंखा आपण फेकलेल्याच हवेत अडकतो, जोर एकदा लागतो एकदा लागत नाही, पायलटचे पाय पेडलवर नाचत राहतात. आणि चार ते आठच्या मधून म्हणजे मागून आला तर छपरावर वाऱ्याची दिशा दाखवायला बसवलेल्या वातकुक्कुटासारखं अख्खं मशीन वाऱ्याकडे तोंड फिरवायला बघतं, आणि ती गिरकी एकदा वेगात आली की आवरणं अवघड. ईसी130 सारख्या फ्रेंच मशीनचा पंखा उलट्या दिशेने फिरतो म्हणून तिथे डावं-उजवं आरशासारखं बदलतं, पण मागून येणारा वारा कोणालाच चांगला नाही.

आता तुमच्या आई-बाबांचं. राईड घेऊ नका असं मी म्हणणार नाही. बुकिंग करताना दोन गोष्टी मात्र नक्की विचारा. एक, वारा जास्त असेल तर फ्लाइट रद्द करून पैसे परत देता का, आणि हे विचारताना समोरचा कुरकुरतो का ते बघा. दुसरं, इंधनाची टाकी आपटल्यावर न फुटणारी आहे का. 2018 च्या त्या हेलिकॉप्टरला तशी टाकी नव्हती, आणि आदळल्यानंतरच्या आगीने जे केलं ते वाचताना मला रात्री झोप लागली नव्हती. आणि त्या दिवशी पायलट म्हणाला की आज नको, तर आई-बाबांना घेऊन सरळ जेवायला जा, त्याच्याशी वाद घालू नका.

प्रश्न (इयत्ता नववी, संगमनेर): सर, जर हेलिकॉप्टर गोल फिरायला लागलं तर पायलट उलट्या बाजूचं पेडल दाबून थांबवत का नाही?

बाळा, प्रश्न अगदी मुळावर विचारलास. थांबवतात, आणि तेच करायचं असतं. पूर्ण पेडल, अगदी शेवटपर्यंत, आणि गिरकी थांबेपर्यंत पाय तिथेच. घोटाळा असा होतो की माणूस थोडं दाबतो, फरक पडला नाही असं वाटतं, म्हणून सोडून दुसरं काही करायला जातो. हेलिकॉप्टर बनवणाऱ्या एअरबसने 2019 मध्ये पायलटांसाठी पत्रक काढून हेच सांगितलं, की बऱ्याच वेळा शेपटीचा पंखा काम करतच असतो, पेडल पुरेसं आणि पुरेसा वेळ दाबलेलं नसतं. म्हणून काही लोकांना एलटीई हे नावच आवडत नाही, ते म्हणतात की नावामुळे पायलटला वाटतं आता पंखा गेलाच, आणि तो प्रयत्न सोडतो.

दुसरं, काठी पुढे ढकलून वेग घ्यायचा, म्हणजे शेपटीवर हवा लागेल. तिसरं, उंची असेल तर डाव्या हातातला कलेक्टिव्ह, म्हणजे हेलिकॉप्टर वर-खाली नेणारा दांडा, खाली करायचा, म्हणजे मोठ्या पंख्याची ताकद कमी आणि पिरगळणंही कमी. आता विचार कर, तू जमिनीपासून साठ फुटांवर आहेस, मशीन गरगर फिरतंय, खाली झाडं दिसतायत. मनाला काय वाटेल? वर ओढ! आणि कलेक्टिव्ह वर ओढला की इंजिन आणखी जोर लावणार, तुझं ड्रिल मशीन आणखी जोरात पिरगळणार. म्हणजे भीतीने हात जिकडे जातो ते चुकीचं आणि बरोबर ते भीतीच्या विरुद्ध. म्हणून हे पुस्तकात वाचून येत नाही, परत परत सराव करून घेतात.

काही छोट्या हेलिकॉप्टरच्या काचेवर बाहेरून लोकरीचा धागा चिकटवलेला असतो, वीतभर लांब, एक टोक चिकटवलेलं आणि एक मोकळं. हवा सरळ समोरून येत असेल तर तो काचेवरून सरळ वर पडून राहतो, बाजूने आली की तिरका होतो. हजारो तास उडालेले पायलट त्या धाग्याकडे बघत उडतात. पुढच्या वेळी हेलिकॉप्टर जवळून बघायला मिळालं तर काचेवर तो धागा शोध.

प्रश्न (नाशिक रोड): दादा, आमचा बचत गटाच्या बायकांचा केदारनाथचा ग्रुप आहे, गुडघ्यांमुळे चौघींना हेलिकॉप्टरनेच जावं लागणार. मे 2024 मधला तो गोल फिरणाऱ्या हेलिकॉप्टरचा व्हिडिओ बघून सगळ्या घाबरल्यात. तो पण वाराच का?

ताई, तो व्हिडिओ 24 मे 2024 चा. सहा यात्रेकरू आणि पायलट, सेरसीहून निघालेले, केदारनाथच्या हेलिपॅडवर उतरता उतरता हेलिकॉप्टर गिरकी घेऊ लागलं आणि पायलटने ते हेलिपॅडच्या अलीकडे शंभरेक मीटरवर मोकळ्या उतारावर टेकवलं, सगळे सुखरूप. प्रशासनाने तेव्हा तांत्रिक बिघाड सांगितला होता, म्हणून त्याला वाऱ्याच्या खात्यात टाकू नका. दिसायला गिरकी सारखीच दिसते, कारण शेवटी मनगट सुटलं की मशीन फिरणारच, मग ते वाऱ्याने सुटो की भाग तुटून. इंग्लंडमध्ये 27 ऑक्टोबर 2018 ला लेस्टर सिटी फुटबॉल क्लबच्या मालकांचं हेलिकॉप्टर स्टेडियममधून उडाल्यावर असंच गिरक्या घेत पडलं, पाच जण गेले, आणि तिथे शेपटीच्या पंख्याच्या यंत्रणेतलं बेअरिंग निकामी झालं होतं.

वारा आला तो त्याच केदारनाथच्या हेलिकॉप्टरच्या पुढच्या प्रवासात. ते तिथेच पडून होतं, तर 31 ऑगस्ट 2024 ला हवाई दलाच्या एमआय-17 ने त्याला दोराने खाली लटकवून गौचरला न्यायला सुरुवात केली. थोडं अंतर गेल्यावर खालच्या हेलिकॉप्टरचं वजन आणि वारा यामुळे एमआय-17 चाच तोल जायला लागला आणि थारू कॅम्पजवळ मोकळी जागा बघून ते सोडून द्यावं लागलं. व्हिडिओत अख्खं हेलिकॉप्टर दरीत पडताना दिसतं, कोणाला इजा झाली नाही. लटकवलेली वस्तू वाऱ्यात झोके घ्यायला लागली की वरच्या मशीनला ती आपल्याबरोबर खेचते, आणि सोडून देणं हाच बरोबर निर्णय असतो, तो त्या पायलटने वेळेत घेतला.

केदारनाथ जवळजवळ 3,600 मीटरवर आहे. तिथे हवेची घनता समुद्रकिनाऱ्याच्या साधारण सत्तर टक्के. म्हणजे तुमच्या नाशिकमध्ये जे हेलिकॉप्टर सहा माणसं घेऊन आरामात उठेल त्याला तिथे तेवढी माणसं उचलताना हातात शिल्लक काही राहत नाही, आणि वाऱ्याशी झगडायला लागते ती शिल्लकच. दुपारकडे दरीतून वर चढणारा वारा जोर धरतो म्हणून सकाळची वेळ घ्या. वजन खरं सांगा, पिशव्यांचं पण. पाच किलो कमी सांगून काही मिळत नाही ताई, तुमच्यासारख्या सहा जणींनी पाच-पाच किलो लपवले की तीस किलो झाले आणि पायलटचा सगळा हिशोब त्या आकड्यावर उभा असतो. आणि चौघींना सांगून ठेवा की एक दिवस हातात जादा ठेवायचा, फ्लाइट थांबवली तर रांगेत आरडाओरडा करायचा नाही.

प्रश्न (ठाणे): जनरल रावत यांचं, अमेरिकन बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटचं हेलिकॉप्टर, ते पण वाऱ्यानेच ना?

नाही. दोन्ही ठिकाणी प्रश्न दिसण्याचा होता. 8 डिसेंबर 2021 ला कुन्नूरजवळ हवामान अचानक बदललं आणि हेलिकॉप्टर ढगात शिरून डोंगरावर आदळलं, 26 जानेवारी 2020 ला कॅलिफोर्नियात पायलट ढगात दिशाभान हरवून बसला. ते वेगळं कुटुंब आहे, त्यावर वेगळं लिहीन.

प्रश्न (कोल्हापूर): मी फोटोग्राफर आहे, लग्नं आणि इंडस्ट्रियल शूट करतो. एका क्लायंटला हेलिकॉप्टरमधूनच फॅक्टरीचे शॉट हवेत. काय काळजी घेऊ?

तुमचा मेल वाचून मी दुसऱ्याच दिवशी उत्तर पाठवलं होतं, ते इथे पण देतो कारण हा विषय लोकांना माहीतच नसतो. फोटोची फ्लाइट ही साध्या प्रवासापेक्षा कितीतरी धोक्याची. रॉबिन्सन ही छोटी हेलिकॉप्टरं बनवणारी कंपनी, तिने यावर स्वतंत्र सूचना काढलीय आणि त्यात म्हटलंय की किमान 500 तास हेलिकॉप्टर उडवलेला आणि त्यातले 100 च्या वर तास त्याच मॉडेलवर असलेला पायलट असेल तरच ही फ्लाइट करावी.

कारण काय, तर तुम्ही मागून सांगता की जरा हळू घ्या, जरा खाली घ्या, आता चिमणीच्या भोवती एक चक्कर मारा. पायलट भला माणूस, त्याला तुमचा शॉट यावा असं वाटतं. गोल चक्कर म्हणजे वारा एकदा समोरून, एकदा बाजूने, एकदा मागून येणार. हिशोब बघा. जमिनीवरच्या गोष्टी ताशी 50 किलोमीटरने सरकताना दिसतायत, सगळं ठीक वाटतंय. पण वारा मागून 40 चा असेल तर हवेच्या तुलनेत तुमचा वेग 10 आहे, म्हणजे जवळजवळ उभेच आहात, आणि वारा शेपटीवर. पायलटचे डोळे बाहेर फॅक्टरीवर, वेगाच्या काट्यावर नाही. असंच काहीसं 4 ऑक्टोबर 2011 ला न्यूयॉर्कमध्ये ईस्ट नदीकाठच्या हेलिपॅडवरून उडालेल्या बेल 206 चं झालं, वजन जास्त, वेग कमी, वारा पाठीकडून, आणि हेलिकॉप्टर गिरक्या घेत नदीत पडलं. ते फोटोसाठी नव्हतं पण गणित तेच.

म्हणून तुम्ही फक्त एवढं करा, की फ्लाइटच्या आधी पायलटबरोबर बसून प्रत्येक शॉट कागदावर काढा, कुठल्या बाजूने यायचं ते त्याला ठरवू द्या, हवेत गेल्यावर नवीन काही मागू नका. आणि खरं सांगू का, फॅक्टरीच्या शॉटला परवानगी घेऊन ड्रोन लावा, आता ते इतकं सुंदर काम करतं की क्लायंटला फरक कळणार नाही.

प्रश्न (जुन्नर): आम्ही ट्रेकिंग ग्रुपवाले, सह्याद्रीत रेस्क्यू करतो. कड्याखाली कोणी अडकलं की लोक लगेच म्हणतात हेलिकॉप्टर मागवा. ते कड्याला चिकटून उभं राहू शकतं का?

तुम्ही जुन्नरचे, म्हणजे नाणेघाटातला उलटा धबधबा तुमच्या दारातला. पावसाळ्यात कोकणाकडून आलेला वारा कड्यावर आपटतो आणि वर चढतो, इतक्या जोरात की पडणारं पाणी परत वर उडतं. तिथे हेलिकॉप्टर धरलं तर त्याला खालून कोणीतरी उचलल्यासारखं होईल. आता तोच वारा कड्याचा माथा ओलांडून पलीकडे गेला की खाली कोसळतो आणि भोवरे करतो, तिथे हेलिकॉप्टर शिरलं तर पूर्ण ताकद लावूनही खाली जाईल. या दोन्हींच्या मधली सीमा डोळ्यांना दिसत नाही, आणि वारा थोडा फिरला की सीमाही सरकते. डोंगरातला पायलट आधी लांबून फेऱ्या मारतो, गवत बघतो, धुकं कसं सरकतंय ते बघतो, आणि दरीकडे निसटायला एक बाजू कायम मोकळी ठेवून मगच जवळ येतो.

वारा ओळखणारा माणूस असला तर काय होऊ शकतं त्याचं टोक म्हणजे दिदिए देलसाल, फ्रेंच टेस्ट पायलट, ज्याने 14 मे 2005 ला एएस350 बी3 हेलिकॉप्टर एव्हरेस्टच्या माथ्यावर टेकवलं आणि पावणेचार मिनिटांपेक्षा जास्त वेळ तिथे ठेवलं.

आणि दुसरं टोक 30 मे 2002, अमेरिकेतला माउंट हूड. तुमच्यासारखेच लोक गिर्यारोहकांना वाचवायला गेलेले. हवाई दलाचं पेव्ह हॉक हेलिकॉप्टर बर्फाच्या उतारावर तरंगत होतं, खाली जखमीला स्ट्रेचरवर बांधून केबल लावलेली. उंचीवर ताकद आधीच काठावर, त्यात वारा बदलला आणि मशीन खाली बसायला लागलं. आतल्या फ्लाइट इंजिनिअरने त्या क्षणी केबल कापली. विचार करा, एका सेकंदात त्याने खालच्या जखमी माणसाला मशीनबरोबर ओढलं जाण्यापासून सोडवलं आणि मग त्याचं मशीन उतारावरून गडगडत गेलं. टीव्हीवर हे लाइव्ह चालू होतं. क्रूचे सगळे वाचले. मी तो व्हिडिओ अनेकदा बघितलाय आणि दरवेळी माझं लक्ष त्या केबलवर जातं.

त्यामुळे तुमच्या प्रश्नाला उत्तर असं, की शक्य आहे, काही दिवशी, काही कड्यांवर, आणि ते ठरवणार पायलट. बाकी दिवशी तुमचे दोर आणि तुमची माणसं हीच खरी मदत, आणि तुम्ही ती करता म्हणून तुम्हाला मनापासून नमस्कार.

प्रश्न (एक सरपंच, जि. सोलापूर): साहेब, निवडणुकीत आणि मोठ्या लग्नात आमच्या गावात शाळेच्या मैदानावर हेलिकॉप्टर उतरतं. पाणी मारतो, फक्कीने एच काढतो. अजून काय बघायचं?

सरपंच साहेब, हा प्रश्न तुम्ही विचारला याचा फार आनंद झाला. पाणी मारणं चांगलंच, धूळ उठली की पायलटला जमीन दिसत नाही. त्याच्या पुढचं सांगतो.

मैदानाला पक्की भिंत असेल तर एच भिंतीपासून जितका लांब तितका बरा. पंख्याची हवा खाली येते, भिंतीवर आपटते आणि वळून परत पंख्यात वरून शिरते, मग उचल जाते. 2 मे 2011 ला अबोटाबादला लादेनच्या घरात उतरताना अमेरिकेचं हेलिकॉप्टर पडलं ते याच कारणाने, सरावाच्या जागी जाळीचं कुंपण होतं आणि खऱ्या घराला उंच पक्की भिंत, जाळीतून हवा निघून जायची ती भिंतीतून गेली नाही. जगातले सगळ्यात तयार पायलट होते ते.

येण्या-जाण्याच्या वाटेवर तार नको, आणि वाट वाऱ्याकडे तोंड करून हवी. वाऱ्याची पिशवी म्हणजे विंडसॉक लावा, भगवा किंवा पांढरा, जमिनीवरच्या हेलिपॅडला 2.4 मीटर लांब असावा असं आंतरराष्ट्रीय मानक आहे. तो झाडाच्या किंवा शाळेच्या इमारतीच्या आडोशाला लावू नका, तिथला वारा खोटा असतो. लोक लांब ठेवा, आणि म्हातारी माणसं तर फारच लांब. 4 मार्च 2022 ला इंग्लंडमध्ये प्लिमथच्या हॉस्पिटलात मोठं बचाव हेलिकॉप्टर उतरत असताना शेजारच्या कार पार्कमधून चालणाऱ्या एक आजी त्या खाली येणाऱ्या वाऱ्याने पडल्या आणि गेल्या. हेलिकॉप्टरला काहीही झालं नव्हतं, ते अगदी व्यवस्थित उतरलं.

माझ्या डोळ्यांसमोरची एक गोष्ट सांगतो, जागा आणि माणसं सांगत नाही. असंच एक मैदान, मी आदल्या रात्रीपासून तिथे. सकाळी वारा पूर्वेकडून होता, म्हणजे हेलिकॉप्टर पश्चिमेकडून येणार, म्हणून आयोजकांनी पूर्वेला मांडव घातला, मोठा, पांढऱ्या-निळ्या कापडाचा. अकराच्या सुमाराला वारा फिरला. मी दोन गोवऱ्या पेटवून वर ओलं गवत टाकलं होतं, तो धूर आधी सरळ वर गेला, मग थांबल्यासारखा झाला आणि हळूच मांडवाच्या दिशेने, माझ्या तोंडावर यायला लागला. मांडवाची एक दोरी सुटलेली, कापड फडफडत होतं. मी आयोजकांना म्हटलं ती बाजू खाली घ्या. ते म्हणाले आता पाहुणे बसलेत, पाच मिनिटांत साहेब येतायत, राहू द्या. हेलिकॉप्टर दिसायला लागलं, ठरल्या वाटेनेच येत होतं, म्हणजे आता वारा बरोबर त्याच्या शेपटीवर. दीडशे एक फुटांवर असेल, नाक उजवीकडे सरकलं, परत सरळ झालं, परत सरकलं. माझ्या पोटात गोळा आला. मी दोन्ही हात डोक्यावर नेऊन ओलांडले आणि जोरजोरात हलवले. पायलटने बघितलं की आधीच ठरवलं होतं ते मला कधी कळलं नाही, पण नाक खाली घालून तो वेगात निघून गेला आणि लांब वळला.

लोकांना वाटलं साहेब रागावून परत गेले. आयोजक माझ्यावर ओरडत होते, आणि ओरडता ओरडता त्यांचीच दोन माणसं मांडवाच्या दोऱ्या कापत होती, कारण कापड आता खरंच उडायला आलं होतं. खुर्च्यांवरची माणसं उठून शाळेच्या व्हरांड्यात गेली. मी अजून एक गोवरी टाकली. हेलिकॉप्टर मांडव होता त्या बाजूने आलं, धुराकडे नाक करून, सावकाश, आणि चाकं फक्कीच्या एचवर टेकली तेव्हा धूर पार त्याच्या शेपटीमागे निघून गेला होता.